शाहूपुरीतलं घर: प्रोबेटसाठी सामानाची मोजदाद

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पहिली भेट. दुमजली घर. खाली चार खोल्या, वर तीन, मागे पडवी, वर माळा. आजोबांचा मृत्यू २१ नोव्हेंबर २०२४ चा. मृत्युपत्र नोंदणीकृत, एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून पुतण्याचं नाव. आजी हयात आहेत आणि याच घरात राहतात.

कोल्हापुरातल्या मिळकतीपुरतं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नव्हतं. पण मृत्युपत्रात दादरची एक सदनिका आहे, आणि मुंबईतली स्थावर मिळकत आली की भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे तेव्हा प्रोबेट घ्यावंच लागायचं (ही सक्ती २०२५ च्या अखेरीस रद्द झाली). अर्जासोबत मालमत्तेच्या किमतीचं परिशिष्ट जोडतात. त्यात सुरुवातीलाच घरातली व बँकेतली रोकड, घरसामान, कपडे, पुस्तकं, चांदीची भांडी, दागिने येतात. तिथे ‘घरसामान अंदाजे ५०,०००’ असा गोल आकडा टाकून मोकळं होता येतं, पण उद्या भावंडांत बोलाचाली झाली की त्या एका ओळीतून एक वाटीसुद्धा शोधता येत नाही.

सामानाची किंमत जरा पाडून लावा, कोर्ट फी वाचेल, अशी सूचना घरातून आली. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला ७५ हजारांची कमाल मर्यादा आहे आणि एकट्या दादरच्या सदनिकेवर ती गाठली जाते. भांडी स्वस्त दाखवून एक रुपयाही वाचणार नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं ते बरं झालं.

वहीचे रकाने: क्रमांक, खोली, वस्तू, माप व वजन, खुणा, अवस्था, कोणाची, किंमत. ‘कोणाची’ हा रकाना किमतीच्या आधी ठेवला आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. घरात आहे म्हणून वस्तू मयताची होत नाही.

किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशी, आहे त्या अवस्थेत, उघड्या बाजारात गिऱ्हाइकानं मोजले असते ते पैसे. विम्याची किंमत नव्यानं घ्यायचं झालं तर काय लागेल ती असते. दुकानाच्या किमतीत घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी असतो. दोन्ही इथे चालत नाहीत. दागिन्यांना मृत्यूच्या आणि अर्जाच्या अशा दोन तारखांचे भाव लावायचे. कोणता परिशिष्टात जाईल ते वकील ठरवतील. मागाहून भाव शोधत बसण्यापेक्षा दोन्ही हाताशी असलेले बरे.

४ फेब्रुवारी

बाहेरचा सोपा आणि दिवाणखाना. कोरीव खांब, दाराची चौकट, भिंतीत बसवलेलं फडताळ हे घराचा भाग आहेत. त्यांची किंमत इमारतीत धरली जाते. इथे पुन्हा धरली तर दोनदा मोजली जाईल. काढले.

झोपाळा मात्र जंगम. फळी १५० बाय ६० सेंटीमीटर, काळ्या पॉलिशची. शिसवी म्हणून सांगितली. खालच्या, पॉलिश न पोचलेल्या बाजूचा रंध्र आणि रंग पाहिला तर सागवान. काळं पॉलिश चढवलेलं सागवान शिसव म्हणून खपून जातं, म्हणून लाकडी वस्तू उलटी केल्याशिवाय लिहायची नाही. या झोपाळ्यात किंमत आहे ती कड्यांची. चार पितळी साखळ्या, मोर आणि हत्ती ओतलेल्या, चारही मिळून ११.४ किलो. तिसऱ्या साखळीत एका हत्तीच्या जागी लोखंडी आकडा अडकवला आहे. जोड पुरा असता तर मोडीच्या वर चांगली किंमत आली असती. आता एका हत्तीनं ती खाली ओढली. फळी आणि कड्या वेगळ्या ओळींत.

खालच्या सगळ्या लाकडी सामानावर २०१९ च्या महापुराची रेघ आहे, जमिनीपासून ४१ सेंटीमीटरवर. पलंगाच्या पायांवर चपड्याचं पॉलिश पांढरं पडलंय, दोन कपाटांचं प्लाय सुटलंय. पॉलिश पुन्हा करता येतं, सुटलेलं प्लाय बदलावंच लागतं. दोन्हींचं नुकसान सारखं धरू नये.

टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन: तिन्ही मिळून ९,०००. पुढे.

५ फेब्रुवारी

स्वयंपाकघर आणि पडवी. रोजच्या वापरातलं स्टील ३८ किलो, एकच ओळ. तांब्या-पितळेचा मात्र एकेक नग: बंब, दोन घंगाळं, हंडे, कळशा, परात, पितळी डबे, ताम्हणं, समया, पानाचा डबा. पानाच्या डब्याला आतल्या सात वाट्या आहेत, अडकित्ता आहे, झाकण नाही. ‘झाकण नाही’ हे लिहून ठेवलं.

आजचा दिवस सगळा नावांत गेला. आपल्याकडे भांड्यावर टोच्यानं नाव घालतात: कुणी, कुणाला, कधी. ती नावं म्हणजे आयती कागदपत्रं. घासून घासून ठिपके उथळ झालेत, पण टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला की सावलीत अक्षरं उठतात. फोटोही त्याच उजेडात काढले. समोरून फ्लॅश मारला की काही दिसत नाही.

एकूण ६४ नगांपैकी २३ वर आजींच्या माहेरचं आडनाव आणि ‘शके १८८१’ आहे. शकात ७८ मिळवले की १९५९. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. लग्नाचं साल जुळलं. ही २३ भांडी आजींचं स्त्रीधन, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे त्यांची स्वतःची मिळकत. मयताच्या मालमत्तेत ती येत नाहीत. वेगळ्या यादीत घेतली, किमतीचा रकाना मोकळा.

घरच्यांना विनंती केली की आम्ही पुन्हा येईपर्यंत काहीही चिंच-मीठ लावून घासू नका. चकचकीत दिसलं की भाव येतो असं वाटतं, पण जुन्या पितळेवरची काळसर साय गेली की जाणतं गिऱ्हाईक हात आखडतं, आणि नावांचे ठिपकेही आणखी झिजतात.

चिकट लेबलं लावायची नाहीत. सुती दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चांदीला रबरबँड तर अजिबात नाही. रबरातल्या गंधकानं एका आठवड्यात काळी रेघ पडते.

६ फेब्रुवारी

वरचा मजला. जिन्याच्या तोंडाशी गव्याचं मुंडकं, शेजारी सांबराच्या शिंगांची जोडी. दाजीपूरकडच्या शिकारीचं म्हणून घरात सांगतात. मालकीचं प्रमाणपत्र सापडत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अशी वस्तू विकता येत नाही, म्हणजे तिला बाजारच नाही. यादीत लिहायची, किंमत शून्य. पण काम तिथे संपत नाही. प्रमाणपत्राशिवाय ट्रॉफी वारसाहक्कानं आली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यावं लागतं. २१ नोव्हेंबरपासून ९० दिवस १९ फेब्रुवारीला संपतात. तेरा दिवस उरलेत. एक्झिक्युटरना आजच फोन केला. हे काम आधी, मोजदाद नंतर.

माळ्यावर गोधड्यांखाली ठासणीची बंदूक. हात लावला नाही. ठासणीच्या नळीत दारू दशकानुदशकं भरलेली राहू शकते, आणि ती भरलेली आहे का हे पाहायला नळीत गज घालण्याची हौस फार महागात पडते. परवानाधारक गेला की हत्यार विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पोलिसांना बोलावून पंचनामा करून दिली. पावतीचा क्रमांक यादीत.

मिरजेचा तानपुरा: भोपळ्याला देठाजवळून १४ सेंटीमीटरची चीर, आतून कापड लावून जुनी दुरुस्ती. दांडी सरळ. तारा नव्या लावल्या तर वाजेल.

हस्तलिखित पोथ्या ९, लाल कापडात बांधलेल्या. हस्तलिखिताला पुरावस्तू ठरायला ७५ वर्षं लागतात, इतर वस्तूंना १००. या नऊपैकी दोन सचित्र आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली सचित्र हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते. उरलेल्या सात साध्या.

७ फेब्रुवारी

चांदीची गदा. कोल्हापुरात कुस्तीच्या घरात गदा असायचीच आणि ती मोजताना चूकही नेहमी एकच होते: उचलून काट्यावर ठेवतात आणि चांदीच्या भावानं गुणतात.

ही गदा ५ किलो ३१० ग्रॅम भरली. पण आत लाकूड आहे, वर नुसता पत्रा. बोट वाकवून टिचकी मारली की कळतं. पत्रा किती जाड आहे एवढाच प्रश्न. दांड्याच्या टोकाशी चुका (बारीक खिळे) निघाल्यामुळे सांधा उचकटलाय, तिथे स्क्रू गेज आत गेला: ०.१८ मिलिमीटर. गोळ्याचा सांधा गळ्यापाशी सुटलाय, तिथे ०.१४. गोळ्यावर पत्रा ठोकून फुगवलेला असतो म्हणून तो पातळ भरतो. दांड्याचं माप गोळ्याला लावलं तर चांदी जास्त धरली जाते.

गोळ्याचा व्यास २४ सेंटीमीटर, पृष्ठभाग १,८१० चौरस सेंटीमीटर. दांडा ७२ लांब, व्यास ४, पृष्ठभाग ९०५. जाडीनं गुणून गोळ्याचा पत्रा २५.३ घन सेंटीमीटर, दांड्याचा १६.३, एकूण ४१.६. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कॅरेटमीटरवर (कस मोजणारं यंत्र) चार जागी कस पाहिला, सरासरी ८८ टक्के, बाकी तांबं. अशा चांदीची घनता सुमारे १०.३ धरली की पत्र्याचं वजन ४२८ ग्रॅम आणि त्यात पक्की चांदी सुमारे ३७५ ग्रॅम. अख्ख्या वजनाला चांदी धरली असती तर चौदापट किंमत लागली असती.

यादीत ‘अंदाजे’ हा शब्द आणि वरचं सगळं गणित जोडलं, म्हणजे उद्या कुणी पत्रा सोलून वजन केलं आणि फरक आला तर तो कुठून आला ते दिसेल. गोळ्यावर मैदानाचं नाव आणि साल कोरलेलं आहे. कुस्तीच्या आठवणी जपणारा एखादा या धातूच्या वर पैसे देईल, पण तसा विक्रीचा पुरावा हाती नाही, म्हणून किंमत धातूची आणि कोरीव मजकूर जसाच्या तसा टिपेत.

चांदीचा पत्रा जडवलेला पाट आणि चौरंग याच पद्धतीनं. समईच्या बैठकीत राळ भरलेली, म्हणून तिचं वजन जमेस धरलं नाही. ‘चांदीचा’ म्हणून दाखवलेला चहाचा संच जर्मन सिल्व्हरचा निघाला: तांबं, निकेल, जस्त, चांदी औषधालाही नाही.

देव्हारा. टाक आणि मूर्ती आजींनी स्वतः उतरवून दिल्या, वजनं झाल्यावर स्वतः परत ठेवल्या. सात टाक, चांदीचे, ६ ते ११ ग्रॅमचे. कुणी विकणार नाही हे खरं, तरी यादीत येतात.

१० फेब्रुवारी

बँकेचा लॉकर, आजी-आजोबांच्या जोडनावावर. लॉकर कुणाच्या नावावर यावरून आतलं सोनं कुणाचं हे ठरत नाही. प्रत्येक डबीपाशी आजींना विचारलं, जुन्या चिठ्ठ्या, लग्नातले फोटो पाहिले. त्यांची १४ नगं बाजूला.

उरलेल्यात मयताच्या आईचा साज. पुऱ्या कोल्हापुरी साजाला २१ पानं: दहा अवतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची, एक ताईताचं. यात १८ उरलीत. हरवलेल्या तिन्हींत माणिक-पाचूची दोन्ही. तारेत १६ पानं आणि ३६ जावमणी. दोन पानं, दोन मणी कागदाच्या पुडीत सुटे.

पान आणि मणी आतून पोकळ असतात आणि लाख भरलेली असते. काट्यावर दिसतं ते सोनं अधिक लाख. घनतेसाठी पाण्यात बुडवून पाहणं इथे चालत नाही: पाणी छिद्रातून आत शिरतं, वजन खोटं येतं आणि लाख सुटते. कॅरेटमीटर फक्त वरचा थर वाचतो. सुदैवानं पुडीतलं एक पान आणि एक मणी फुटून रिकामे झालेत.

रिकामं पान ०.९२ ग्रॅम, भरलेलं १.३८, लाख ०.४६.
रिकामा मणी ०.३१, भरलेला ०.४९, लाख ०.१८.

सगळं मिळून ४५.८९ ग्रॅम. भरलेली १७ पानं आणि ३७ मणी, म्हणजे लाख ७.८२ अधिक ६.६६, १४.४८ ग्रॅम. निव्वळ सोनं अंदाजे ३१.४१. पानं एकसारखी नसतात, मासा आणि कासव यांच्या पोटात लाख कमीजास्त असते, म्हणून हाही अंदाजच. गुजरीतल्या जुन्या कारागिरानं नुसतं हातात घेऊन ‘तीस ते बत्तीस’ सांगितलं. दोन्ही जुळले तेव्हा लिहिलं.

पुडीतली सुटी पानं त्याच ओळीत घेतली. वेगळी ओळ केली की उद्या साज एकाकडे आणि पानं दुसऱ्याकडे जातील.

११ फेब्रुवारी

तोळ्याचा घोळ. मृत्युपत्रात ‘४० तोळे सोने’ आहे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. चाळीस तोळ्यांत ६६ ग्रॅमहून जास्त फरक पडतो. कोणता तोळा हे दागिन्यांवरूनच काढावं लागलं. पाटल्यांच्या जोडीची जुनी चिठ्ठी ‘५ तोळे २ मासे’ सांगते. बारा मासे म्हणजे तोळा, एक मासा ०.९७२ ग्रॅम; एकूण ६०.२६. पाटल्या आज ५९.८४ भरल्या. अर्ध्या ग्रॅमच्या आतली तूट ही हातातली झीज. दहाच्या तोळ्यानं ५१.६७ आलं असतं आणि पाटल्या बदलल्याचा संशय कुणावर तरी विनाकारण आला असता. यादीत फक्त ग्रॅम. तोळे-मासे चिठ्ठीतल्या शब्दांत टिपेला.

जुन्या दागिन्यांवर हॉलमार्क नाही. पाटल्यांचा कस ९१ च्या आसपास, पण झाळेच्या जागी ८४. वाचन झाळेपासून दूर, तीन ठिकाणी.

१३ फेब्रुवारी

चित्रं. तीन ओलिओग्राफ, लक्ष्मी, सरस्वती आणि दमयंती. दहापट भिंगाखाली पहिल्या दोहोंत खडबडीत, वेडेवाकडे रंगकण दिसतात: शिळाछाप. तिसऱ्यात ठिपक्यांची एकसारखी फुलं: अलीकडची ऑफसेट छपाई, जुन्या चौकटीत बसवलेली. लक्ष्मीच्या खालच्या कडेला रविवर्मा प्रेसची ओळ शाबूत आहे, सरस्वतीची फ्रेम करताना कापून टाकलेली. त्या अर्ध्या इंचाच्या पट्टीनं किंमत निम्मी होते.

राजा रविवर्मा हे कलानिधी (सरकारनं देशाचा ठेवा ठरवलेली कला) म्हणून जाहीर झालेल्या चित्रकारांपैकी, म्हणून घरात धास्ती होती. तो नियम हातानं काढलेल्या मूळ चित्रांसाठी.

आजोबांच्या वडिलांचं मोठं ‘तैलचित्र’ हा रंगवलेला ब्रोमाइड फोटो. रंग पातळ आहे तिथे, कानाच्या पाळीमागे, भिंगातून खालची छायाचित्राची करडी प्रतिमा दिसते.

आता कोटितीर्थ तळ्याचं जलरंग, ३४ बाय २४. घरात तीन पिढ्या ते कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचं म्हणून ओळखलं जातं. आबालाल १९३१ मध्ये गेले. सही नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयातली त्यांची चित्रं पुन्हा पाहून आलो. पाण्यावरचा उजेड त्या वळणाचा आहे हे खरं. चित्र चौकटीतून काढलं. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च धरला. भोवतीचा नवा माउंट चमकणारच, तो बाजूला केला. चित्राचा स्वतःचा कागद, कोऱ्या कडेलाही, निळसर पांढरा झळाळला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतरची. आबालालांच्या हातात हा कागद येणं शक्य नाही.

ओळ अशी: ‘कोटितीर्थ, जलरंग, आबालाल रहिमान यांच्या वळणाचे, चित्रकार अज्ञात, १९५० नंतरचे’. मुलाला वाईट वाटलं. चित्र सुंदर आहे आणि ते तसंच राहतं. बदलतो तो फक्त नावाचा रकाना.

१८ फेब्रुवारी

गवा आणि सांबराचं घोषणापत्र दाखल, पोच मिळाली. एक दिवस शिल्लक होता.

पैठण्या चार. दोन आजींच्या. उरलेल्या दोन्हींत काठ उलटून पाहिला, दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे हातमागाच्या. एकीची जर खरी. दुसरीच्या घासलेल्या जागी तांबडी तार दिसते.

२४ फेब्रुवारी

जुळणी. एकूण ३११ ओळी. खोलीनिहाय वहीतून परिशिष्टाच्या क्रमानं लावताना दोन चुका सापडल्या: समयांची जोडी दोन खोल्यांत दोनदा आली होती (मधल्या आठवड्यात घरच्यांनी हलवली), आणि टाकांचं एकूण वजन ६१ ऐवजी १६. उलटा आकडा बेरजेत पटकन दिसत नाही. म्हणून प्रत्येक वजन काट्याच्या फोटोशी ताडून पाहायचं.

१ एप्रिल २००१ पूर्वीपासून घरात असलेल्या दागिन्यांना आणि चित्रांना एक जादा खूण केली. वारसानं पुढे विकलं तर भांडवली नफा काढताना त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, आणि तेव्हा हीच वजनं, हाच कस लागेल. साध्या फर्निचरला, कपड्यांना याची गरज नाही.

३ मार्च

यादी, फोटो, गदेचं आणि साजाचं गणित, भावांच्या चिठ्ठ्या असं सगळं तीन प्रतींत एक्झिक्युटरकडे. आजींची स्त्रीधनाची यादी वेगळी, त्यांच्या सहीनं. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत कोर्टात मालमत्तेची सूची आणि वर्षभरात हिशेब द्यायचा असतो. सूचीला हीच यादी चालेल अशा रीतीनं क्रमांक ठेवलेत.

५ एप्रिल

पडवीतल्या ट्रंकेची किल्ली सापडली. आत पितळी अडणी, दोन काशाच्या वाट्या, रुमालात गुंडाळलेली १२ चांदीची नाणी आणि पानाच्या डब्याचं झाकण. झाकणावर नाव आहे: आजींच्या सासूबाईंचं, शके १८४४. डबा मयताच्या मालमत्तेतच राहतो, पण आता पुरा आहे. पुरवणी ३१२ ते ३१४, आणि ओळ ८७ मधलं ‘झाकण नाही’ खोडून, तारीख घालून, दुरुस्त केलं.